तिसरी चढाई

एकोणतीस–तीस.
आकडा असा की कुठूनही धरा, टोचतो.
अशोकनगरच्या बस थांब्यामागं
रघू मोगलचा गाडा अकरा वाजता चालू होता,
कारण अंबडची दुसरी पाळी अजून सुटायची होती
आणि कारण आम्ही घरी जात नव्हतो.
जानेवारी. बोलायच्या आधीच तोंडातून वाफ यायची.

सुकदेव पेखळेनं सात रिकामे ग्लास मागवले,
बाकड्यावर ओझरचा बचाव मांडला.
डावा कोपरा म्हणून कडेला चिरलेला ग्लास,
तोच तो, घोटा धरणारा.
खारीचा तुकडा म्हणजे आपला पल्या,
प्रल्हाद संपत दोंदे,
दिवसा कंपनीत पंख्याच्या मोटरी गुंडाळतो,
संध्याकाळी आमची अब्रू.

"बरोबरीत होतो ना? बावीस सेकंद होते ना?
निदान रेषा ओलांडायची, माघारी यायचं, संपलं.
पाच-पाच चढायांत खाल्लं असतं त्यांना.
कप्तानाला डोकं नको का?"
खारी पुढं सरकली, माघारी आली.
सुकदेवच्या हातात ती दर वेळी माघारी येत होती.

"बोनसला गेला ते ठीक," हनीफ तांबोळी म्हणाला,
"पण उजवा पाय टाकला.
त्या कोपऱ्याला उजवा पाय म्हणजे
घरी जाऊन अक्षता देणं."
हनीफनं अठ्ठ्याण्णव साली जिल्ह्याकडून खेळताना
एक खांदा कायमचा देऊन टाकलाय.
त्याच्यापुढं आवाज चढवता येत नाही,
म्हणून आम्ही सरांवर घसरलो.
टाइमआउट पाणी प्यायला घालवला.
भरत निमसेला बाकावर बसवून ठेवलं,
सासरे आले होते त्याचे सामना बघायला, भो!

तेवढ्यात पंक्चरवाल्याचा पोरगा बोलला,
जो कधीच बोलत नाही:
"पण ती तिसरी होती.
आधीच्या दोन रिकाम्या गेल्या.
तिसरीत गुण नाही आणला की बाद.
नुसतं रेषा ओलांडून येऊन काय करणार होता?"

ग्लास जागेवर राहिले.
सुकदेव बोटं मोजू लागला, मग दुसऱ्याची.
मी गुण लिहिले होते सिटीलिंकच्या तिकिटामागं;
काढलं, उजेडात धरलं,
शेवटच्या तीन मिनिटांवर मिसळीची तर्री सांडलेली.
दुसरी, म्हणाले चौघं.
तिसरी, म्हणाला पोरगा, आणि पुन्हा गप्प झाला.

एक गोष्ट मी तिथं सांगितली नाही.
शेवटच्या चढाईला "बोनस घे!" असं
दोरीच्या अगदी कडेला उभं राहून
कुणीतरी ओरडलं होतं.
एवढ्या गलक्यात ते ऐकू गेलं नसेल.
माझा आवाज तसा बसकाच आहे.

पल्या आला तो लंगडत.
घोट्याला पट्टी, कानात मैदानाची माती.
कुणी सरकून जागा दिली, कुणी आकाशात बघितलं,
रघूनं न विचारता चहा ओतला.
हनीफनंच विचारलं शेवटी,
"ती चढाई तिसरी होती का रे?"

पल्यानं ग्लासांकडं बघितलं.
चिरलेला ग्लास उचलून चार बोटं आत ठेवला.
"हा एवढा बाहेर नव्हता," म्हणाला.
मग, "तिसरी? मला तर दुसरीच वाटली."

म्हणजे त्यानं केलं ते बरोबर होतं,
पण त्याला ते माहीत नव्हतं;
किंवा चूकच होतं, आणि तेही नव्हतं.
आम्ही नऊजण होतो, एकालाही वाक्य सुचेना.
पल्यानं बाकड्यावरचा तो खारीचा तुकडा उचलला,
चहात बुडवला
आणि खाऊन टाकला.

"सकाळी पहिली पाळी आहे," म्हणाला. गेला.

मग भोंगा झाला.
मफलर गुंडाळलेली माणसं सायकली, गाड्या लावत आली,
रघूनं ग्लास बादलीत टाकले.
त्यातल्या एकानं हात चोळत विचारलं,
"काय झालं आपल्या पोरांचं?"
एकोणतीस–तीस, मी म्हणालो.
"बोनसला गेला असेल पल्या?"

सुकदेव उठला.
बादलीतून सात ग्लास काढले, ओले,
आणि एक खारी मागवली.