कुटबणच्या बर्फघरात रजिस्टरं लिहिताना

चिप तांदळाच्या दाण्याहून लहान.
भिंगाखाली धरली तेव्हा सहा पाय दिसले.
त्यातला एक जमिनीला जोडला की पत्ता ठरतो, अठ्ठेचाळीस.
त्या नावाने हाक मारली तरच ती ओ देते,
एका बिटाची ओ,
तीही तारा नीट डकवल्या असतील तर.

कुष्टा पागी माझ्या मागे उभा.
या दाराच्या पत्र्यावर उजवा तळवा ठेवून
चाळीस वर्षं सांगत आला,
आत किती गार आहे, कुठली पेटी आधी काढायची.
आता त्या हाताची दोन बोटं बधिर झालीत,
बर्फाची लादी आणि चहाचा ग्लास त्यांना सारखाच.
म्हणून मालकाने मला मडगावहून बोलावलं.
हे त्याला कोणी नीट सांगितलेलं नाही.

पहिल्या खेपेला मी हद्दी लिहिल्या.
वर उणे पंधरा, खाली उणे सतरा.
सही ठोकावी तशा एकदाच,
आणि पावणेसहाची बस गाठली.

शनिवारी रात्री वीज गेली.
आली,
पण कंप्रेसर उठला नाही,
आणि चिपला काहीच आठवत नव्हतं.
जन्मापासून तिला दोनच आकडे ठाऊक,
ऐंशी आणि पंचाहत्तर,
कारखान्यातून निघताना कानात सांगितलेले.
पेट्यांखालून पाणी वाहिलं, बांगड्यांचे डोळे पांढरे झाले,
ती आपली शांत,
ऐंशी व्हायची वाट बघत.

"ताका ऐंशी कोणें सांगलें?"
कुष्टाने विचारलं.
बावीस पेट्या खताच्या टेम्पोत चढत होत्या.
डेटाशीटच्या पानावर ते होतं, बारीक टायपात.
मी वाचलेलंही होतं.

आता जाग आल्या आल्या,
पहिलं माप घ्यायच्याही आधी,
हद्दी पुन्हा लिहायच्या.
लिहिल्या की वाचून बघायच्या.
स्वतःच्या अक्षरावरही भरवसा नाही.

"उणे अठरा कसं लिहितात?"
उणेची रेघ नसते, मी म्हटलं.
अठराला सोळाने गुणायचं,
सगळे बिट उलटवायचे, मग वर एक मिळवायचा.
एक एक एक शून्य
एक एक एक शून्य
शून्य शून्य शून्य शून्य.
तो बघत राहिला.
"जाळं उलटं करून झाडतात तसं," म्हणाला,
"तरी एखादं तारलं राहतंच."

मग प्रश्न उरला, ओरडायचं कधी.
एकदा हद्द ओलांडली की लगेच,
की दोनदा, चारदा, सहादा सलग?
डेटाशीट सांगत नाही, फक्त दोन बिट रिकामे ठेवते.
कुष्टा म्हणाला, दार उघडलं की ऊब आत येणारच,
तिला चोर म्हणू नको.
दोन पेट्या सरकवून दार लावेपर्यंत
मी मनात वीस मोजतो.
चार सेकंदांनी एकदा बघायचं, सहा वेळा. चोवीस.
दोन्ही बिट एक केले.
सात आठ, दोन शून्य.
त्याच्या वीस अंकांना माझ्या सोळाच्या पाढ्यात
एवढीच जागा झाली.

जाताना त्याने चिपचं नाव विचारलं.
अठ्ठेचाळीस, मी म्हटलं,
पण ते सोळाच्या हिशेबात. तुमच्या हिशेबात बहात्तर.
"म्हणजे माझ्याच वयाची!"
थोडं थांबून,
"म्हणजे तुझ्या यंत्रात मी अठ्ठेचाळीसचा?"
तेव्हापासून जेटीवरच्या चहावाल्याला
तो वय विचारायला लावतो.

पत्र्यावर अजून हात ठेवतो. डावा.
मी स्क्रीन बघायच्या आत बोलतो,
"उणे सतरा."
स्क्रीनवर उणे सतरा,
पुढे नऊ तीन सात पाच.
"वरचं तू ठेव," म्हणतो,
आणि पेटी उचलायला वाकतो.