दृष्ट

आमच्या खोऱ्यात तिला 'कोमारे' म्हणत,
म्हणजे इकडचं तिकडे सांगणारी शेजारीण.
नऊच्या सुमारास यायची,
शिवणयंत्रासारखी टकटकत,
इतकी सावकाश की कोंबड्याही पांगत नसत.
बंदूक नाही, बॉम्ब नाही.
पासष्ट घोड्यांचं इंजिन, एक रेडिओ,
मागेपुढे दोन माणसं,
त्यातलं एक नुसतं बघायला.
ती घिरट्या घालायची
आणि डोंगरापलीकडून तोफा विचारायच्या: कुठे?
दोनशे डावीकडे. शंभर पुढे. हं, तिथेच.

चव्वेचाळीसचा हिवाळा. आई नऊ वर्षांची.
झेलिंदामावशी ताटलीत पाणी घेऊन
तेलाचा थेंब सोडायची.
गोल राहिला तर बरं,
पसरला तर दृष्ट.
रोज पसरायचा.
तेल संपलं तेव्हा तिने डुकराची चरबी सोडून पाहिली.
ती थिजली. काहीच कळलं नाही.

त्याच दिवशी गिरणी गेली.
गिरणीमागे जर्मनांची खेचरं थांबली होती, हे खरं.
गिरणीत एव्हारिस्तोमामा होता, हेही खरं.
वरून खेचरं दिसली.

मी विमानं दुरुस्त करते. हिला फेर्राराजवळच्या
एका गोठ्यातून आणली.
पंखावर कोंबड्यांची तीस वर्षांची बिदागी,
इंधनटाकीत चिमण्या.
कागदांवरून बाकीचं कळलं:
जन्म पेन्सिल्व्हेनियात, सस्क्वेहाना नदीच्या काठी.
तिथल्या कुणा बाईने
(मी तिला व्हर्ना म्हणते, नाव असलेलं बरं)
मेणवलेल्या दोऱ्याने एकेक बरगडी कापडात शिवली,
वरून लुकण चढवलं, पिकल्या केळ्याच्या वासाचं.
तो वास तिच्या केसांतून
रविवारीही जात नसणार.
युद्ध संपल्यावर भंगाराच्या भावात विकली गेली.
मग पिवळा रंग, ग्लायडर ओढणं.
मग लाल रंग, आणि रिमिनीच्या किनाऱ्यावर
शेपटीला व्हर्मुथची जाहिरात.
नागडी माणसं खालून हात हलवायची.
तिच्याकडे बघायची पाळी आता त्यांची.

मी कापड उतरवत गेले:
लाल, पिवळा, त्याखाली मळकट हिरवा.
डाव्या पंखाच्या पोटाशी एक ठिगळ निघालं.
सैन्याचं सुती नव्हे. घरचं ताग,
हातमागाचं, जाड,
आणि कडेला फुलीटाक्यात अर्धं अक्षर.
ते घेऊन आईकडे गेले.
तिने चष्मा लावला नाही, बोटांनीच वाचलं.
मला वाटलं रडेल. ती म्हणाली,
"मावशीची चादर. लग्नातली.
दोन डबे दुधाला दिली. घट्ट दूध, गोड.
तो पोरगा तिसरा डबा देत होता,
हिने नको म्हटलं. मूर्ख."
गिरणीच्या आधी की नंतर, मी विचारलं.
"नंतर," आई म्हणाली.
"आधी कोण भुकेलं होतं?"

नियमाप्रमाणे आता कृत्रिम धाग्याचं कापड लावावं लागतं.
लावलं. ठिगळ आईने ठेवून घेतलं,
पावाच्या डब्यात खाली अंथरलं.

मे महिन्यात उडवली.
एकट्याने उडवायची तर मागच्या खुर्चीत बसायचं,
पुढची रिकामी राहते,
आणि तिच्या पाठीवरून जग बघावं लागतं.
काचेपुढे इंधनाची तार वरखाली डुलते,
टोकाला बूच, खाली टाकीत तरंगणारं. एवढंच मोजमाप.
पाचशे मीटरवरून आमचं खोरं
मळलेल्या पिठासारखं, बोटांच्या खुणांसकट.
गिरणीचा चौथरा दिसला. त्यावर कुणीतरी दोडके लावलेत.
आमचं अंगण दिसलं.
आई वर बघत नव्हती.
ती माणसं मोजायची सवय किती पटकन लागते:
एक म्हातारी, एक सायकल, दोरीवर सहा कपडे.
मी पंख कलता करून वळले.

परत आले तर टेबलावर ताटली,
पाणी, शेजारी तेलाची बाटली.
आई पाठमोरी, वाटाणे सोलत.
थेंब सोडलेला होता की नाही,
मी बघितलं नाही.