मागे जायचा गियर

हिला मागे जायचा गियर आहे,
हे ओडेट बुशारनं सगळ्यात आधी सांगितलं.
किंमत त्यानंतर.

चार हजार आठशे डॉलर.
मी चार म्हटलं, आणि तिच्या अंगणातल्या बर्फाकडे बघत राहिले.
थंडर बेचा एप्रिलमधला बर्फ, कडेनं काळा पडलेला.
तिनं ताडपत्री ओढली:
पुढे एक चाक, मागे दोन,
डाव्या मडगार्डवर लांबलचक ओरखडा,
आणि सीट अशी ऐसपैस,
की इस्पितळाच्या धुलाईघरात सदतीस वर्षं उभं राहिलेल्या बाईला
आधी तिच्यावर नुसतं बसूनच राहावंसं वाटावं.
चार हजार दोनशे, ती म्हणाली,
क्लेमेंटची वही त्यातच.

खुब्यात धातूचा गोळा बसवल्यापासून
सिग्नलला दोन चाकांचा भार पेलत नव्हता मला.
तीन तिघाडा, काम बिघाडा म्हणतात.
म्हणोत.
तीन पायांची तिवई कुठल्याही उंचसखल फरशीवर डुगडुगत नाही.

वळणावर झुकायची सवय मात्र मोडावी लागली.
हिच्यावर ताठ बसायचं, हँडल खांद्यातून ओढायचं,
बाहेर फेकू पाहणाऱ्या रस्त्याला
दंडांनीच उत्तर द्यायचं.
पहिल्या आठवड्यात जेवताना चमचा थरथरायचा.

वहीत क्लेमेंटचं अक्षर मुंगीएवढं.
मागचे टायर गाडीचेच बसतात, भंगारवाल्याकडून जोडी, ऐंशी.
पुढचा नवाच घ्यावा. इथे चिक्कूपणा नको.
मागच्या डब्यातलं गियर ऑइल स्वतः बदललं, एकोणीस.
गुडघे दुखले, शून्य.
मी त्याच्याच खाली माझ्या अक्षरात लिहू लागले.
विमा, मे ते ऑक्टोबर फक्त.
ब्रेकचे पॅड, चौतीस, आणि वेस्ली कानापूची दोन तास मजुरी:
वेलदोडा घातलेल्या गोड पावाच्या तीन वेण्या.
चौथी त्यानं मागितली. दिली.

नोव्हेंबरात बॅटरी काढून स्वयंपाकघरात आणते,
बटाट्यांच्या टोपलीशेजारी, लाकडी फळीवर.
उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरमध्ये भांडी घासायचा तारेचा चोथा.
एका मेमध्ये तो काढायला विसरले.
बटण दाबलं, ती खोकली, घुसमटली,
आणि चोथा शेजाऱ्यांच्या नव्या कुंपणावर जाऊन आदळला.
त्या दिवशी वहीत:
कुंपणाचा रंग, बावीस. अक्कल, फुकट.

सरोवराच्या कडेनं वावाला जाताना
समोरून येणारे दोनचाकीवाले दोन बोटं खाली करून सलाम करतात,
काही जण मला बघून हात आवरतात,
म्हातारीचं खेळणं म्हणून.
मी हात करते. मला पेट्रोल तेवढंच लागतं.

वहीत एक नोंद मला कळत नव्हती.
बारा जून. खर्च काही नाही. टेकडीवरून मागे आलो.

ऑगस्टमध्ये ओडेटला विचारलं.
ती दारात उभी, हातात शेंगा सोलायची परात.
तो एकटाच निघाला होता, म्हणाली, पश्चिमेला, कायमचा.
आमचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवत नाही.
टेकडीवर थांबला.
पुढे रस्ता रुंद होता, वळवून आणता आली असती,
पण हा गियर टाकून, मान मागे करून,
उतारावरून चालण्याच्या वेगानं उलटा आला, घरापर्यंत.
मागे गाड्यांची रांग. सगळे हॉर्न वाजवत होते.

मग तिनं परात खाली ठेवली,
हात एप्रनला पुसले,
आणि मागची सीट किती वर्षांत कुणी वापरली नाही, विचारलं.

तिचं हेल्मेट मी जुनं घेतलंय, पंचेचाळीसला.
वहीत लिहिलं नाही अजून.
ते कुणाच्या खात्यात टाकायचं,
ठरत नाही.