शेरा

कसब्याच्या क्षेत्रीय कार्यालयात, वरच्या मजल्यावर,
नोंदीमागे सव्वा रुपया घेऊन
मी मेलेली माणसं संगणकावर चढवते.
टॅब, टॅब, एंटर.
रजिस्टर चौऱ्याहत्तरचं. वाळवीनं कडा खाल्ल्यात,
आकडे सोडलेत.

अक्षर बिडकर कारकुनांचं, असं शिपाई गोफणे सांगतात.
'त'ची शेपूट लांब,
आणि तान्हं बाळ गेलं असेल तर ओळीआधी
शाईचा एक ठिपका, पेन टेकवून थांबल्याचा.
ठिपका टाइप होत नाही.

आज, तीनशे बारा :
अनोळखी स्त्री. संगम पुलाखाली. वय अदमासे तीस.
उजव्या दंडावर गोंदण, सुभान्या.

नावाचा रकाना लाल.
वडिलांचं नाव? लाल. पत्ता? लाल.
"अज्ञात टाक नि पुढे हो," खळदकर मॅडम म्हणतात,
"संध्याकाळपर्यंत दोनशे झाले पाहिजेत."
टाकलं. हिरवं झालं.

गोंदणाला रकाना नाही.
शेऱ्यात चाळीस अक्षरं मावतात, मोजून लिहिलं.
मग गोफणे सहज म्हणाले,
शेऱ्यातलं शोधून सापडत नाही, ताई,
शोध फक्त नावाचा लागतो.

मागे गेले. 'आप्ताचे नाव' मध्ये सुभान्या घातला.
पकडलं तर सव्वा रुपया कापतील, कापू देत.

आता ते नातं विचारतंय.
यादी उघडली : पती, मुलगा, भाऊ, इतर.
बिडकरांनीही लिहिलेलं नाही.
खाली दुचाक्यांचे हॉर्न, चहावाला येऊन गेला,
मी अजून बाण
वरखाली करतेय.