मचूळ

बावीस दिवस लागायचे.
बाटली इथून निघायची, थर्माकोलच्या पेटीत, बर्फासकट,
मस्कतपर्यंत गाडीनं, पुढे विमानानं हॅम्बुर्गला,
आणि तिथून निळ्या शिक्क्याचा कागद यायचा:
पाणी पिण्यास योग्य.
तोवर सोहारनं ते पिऊन टाकलेलं असायचं.

मी पेट्या चिकटवणारा. सतरा वर्षं.
हुद्दा मोठा होता, काम टेपचंच.
समोर समुद्र, मागे त्याला गोडं करणारा कारखाना,
मध्ये आमची एसीची खोली.

मग शम्सा आली. इथलीच, मासळीबाजारामागच्या गल्लीतली.
बाप सुरमई विकतो, आजी बलुची बोलते.
पहिल्याच आठवड्यात विचारलं तिनं,
"आपलं पाणी आपल्याला का कळत नाही, उस्ताद?"
मी म्हटलं, सर्टिफिकेट लागतं.
ती म्हणाली, "तेच विचारतेय."

अकरा महिने शिकवलं तिला.
कुठला मीटर उन्हाळ्यात खोटं बोलतो,
पिवळ्याचं विटकरी होताना
थेंब नेमका कुठे थांबवायचा.
जर्मन गाळणी संपली आणि नवी यायला महिना होता,
तेव्हा तिनं खजुराच्या बिया जाळून कोळसा केला,
बरणीत थर रचले.
हसलो आम्ही.
मग आकडे आले.

मंगळवारी पहिला अहवाल निघाला, अरबीत, खाली तिची सही.
सकाळी भरलेली बाटली,
दुपारच्या अजानआधी उत्तर.
त्याच मंगळवारी माझंही पत्र निघालं:
या पदावर यापुढे देशातलाच माणूस.
राग नाही आला, असं म्हणणार नाही.
पण पेटीच बंद करायची म्हटल्यावर
पेटी चिकटवणारा कशाला ठेवतील?

शेवटच्या दिवशी ती नवा तक्ता भरत होती. एक रकाना, चव.
"धड गोड नाही, धड खारट नाही,
अशाला तुमच्यात काय म्हणतात?"
ब्रॅकिश, म्हटलं.
"ते इंग्रजांचं झालं. तुमच्यात?"

सतरा वर्षांत तो शब्द तोंडात आला नव्हता.
दाभोळच्या खाडीकाठच्या विहिरीवरून आला, पोहऱ्यासकट.
बायजाक्का पहाटे पहिलं पाणी ओढायची,
एक चूळ भरायची, थुंकायची:
"मचूळ झालंय गो. रात्री उधाण चढलं."
बाटली नाही, बर्फ नाही.
तिचं कधी चुकलं नाही,
आणि कुणी कधी लिहूनही घेतलं नाही.

शम्सानं लिहून घेतलं.
अरबीत च नाही, पण आजीच्या बोलीत आहे,
म्हणून तीन टिंबं देऊन तो बसवला.
ळ काही केल्या जिभेवर वळेना.
मचूल, म्हणाली.
चालेल, म्हटलं.

परवा विमान.
दोन ब्यूरेट घेतल्यात, सदऱ्यांत गुंडाळून.
वजन जास्त भरलं तर खजूर काढीन.
फोनवर भाऊ सांगतो, ग्रामपंचायतीनं कोरियाचं मशीन बसवलंय,
पाच रुपयांत वीस लिटर, थंडगार.
विहिरीवर जाळी टाकली.
तिचा नमुना मध्ये पुण्याला पाठवला होता म्हणे,
पुण्याहून पुढे कुठे गेला, ठाऊक नाही.
मी विचारलं, किती दिवस लागतात?
तो म्हणाला, कशाला?