काहून

राइस मिलच्या मागच्या भिंतीवर
नखात्यांच्या गोवर्धननं सिनेमा लावला.
मारामारीचा असेल म्हणून लोक बोरे अंथरून बसले.
निघाला दोघी बहिणींचा,
कुठल्याशा डोंगरातल्या गावचा.
भाषा आपली नाही, खाली अक्षरं पळतात,
गोवर्धन मधूनमधून अर्थ सांगतो
आणि त्यातलं किती त्याच्या मनचं, कोण जाणे.
भिंतीला कोंडा चिकटलेला,
त्यामुळे सगळ्याच चेहऱ्यांवर देवीचे वण.

थोरली नाहीशी होते.
धाकटी, असेल बारा वर्षांची,
पोलिसासमोर पेलाभर दूध पिते
आणि माळ्याचं नाव घेते.
माळ्याला नेतात.
ओठावरची साय ती पुसत नाही.
शेवटी थोरलीच्या चपला घालून
अंगणात इकडून तिकडे चालते,
चपला मोठ्या होतात, फटक फटक वाजतात,
आणि सिनेमा संपतो.

"मंग मारलं कोनं?" अंधारातून यादव बुढा ओरडला.
गोवर्धन म्हणाला, "तेच त आहे ना आबाजी."
"काय तेच? पैसे त नाही घेतले ना बे कोनाजवळून?"

सकाळी हातपंपावर कोर्ट भरलं.
वच्छला म्हणाली, पोट्टी लबाड.
भाग्यरथाकाकू म्हणाली, माळ्यानंच केलं,
त्याचं तोंडच सांगते.
गुरुजी म्हणाले, लेकरू भेलं असन.
आणि कांताबाई, जिला कोणी काही विचारत नाही,
गुंड उचलता उचलता म्हणाली,
"तिचं कोनं तरी आयकलं ना. पह्यल्यांदा."
गुंडातलं पाणी हिंदकळून तिच्या मानेवर गेलं.

मी काही बोलले नाही.
मी फक्त त्या पोरीची वेणी पाहिली होती.
पाचपेडी, घट्ट, लाल रिबन दोनदा मुडपलेली.
बारा वर्षांच्या हाताला
स्वतःच्या पाठीमागे अशी वेणी घालता येत नाही.
आणि त्या घरात आई नव्हती.
म्हणजे थोरली त्या सकाळपर्यंत होती.
म्हणजे धाकटीला ठाऊक होतं.
गोवर्धनच्या अक्षरांत हे कुठंच नव्हतं.

आमच्या कुंदानं माझी वेणी घातली होती,
पौषातल्या पहाटे, लाईट न लावता,
तिच्या बोटांना खोबरेल तेलाचा आणि
बसच्या सुट्या पैशांचा वास होता.
बाबांनी विचारलं तेव्हा
मी बोडीकडे बोट दाखवलं.

दिवसभर ढिवरांनी जाळी टाकली.
सायकलची रिंग निघाली, कमळाचे कांदे निघाले,
एक पितळी गडवा, जो आई म्हणाली आपला,
आणि नव्हता.
सुकरू ढिवर छातीभर पाण्यात संध्याकाळपर्यंत.
होळी झाली तरी तो खोकत होता.
फाट्यावरची पहिली गाडी
तोवर पवनी मागे टाकून गेली असणार,
दुसरीही, तिसरीही.

म्हणजे बहिणीसाठी? हो.
पण दुपारी चारनंतर तिला माझी गरज उरली नव्हती,
आणि तरी मी बोट खाली केलं नाही.
कारण सगळं गाव पाळीवर माझ्याभोवती होतं.
सरपंचाच्या बायकोनं शाल दिली.
कोणीतरी कपभर चहा दिला, कपभर,
बशीत नाही, निव्वळ दुधाचा.
आई जमिनीवर डोकं आपटत होती
आणि चहा गोड होता.
दोन्ही मला आठवतं,
कोणतं आधी, ते नाही.

कुंदा भिलाईहून दिवाळीला फोन करते.
"तू माह्यासाठी खोटं बोलली,
म्हनून मी सुटली," म्हणते.
मी हो म्हणते.
"आनि सुकरूकाका कसा आहे?"
बरा आहे, म्हणते.

फोन ठेवते. हात मागे जातो,
पेड चाचपतो.
केस कापून आता अकरा वर्षं झाली.