पोनिच्का

झ्द्राव्कानं अक्षरं काढली ती भरपेट जेवलेली.
प्लोव्दिवला, जिन्याखालच्या खोलीत, दोन हिवाळे.
कोपरा दिसला की ती दाबायची,
कणकेवर अंगठा दाबावा तसा.
सहा पायांचा त्यांचा 'झ' झाला गुबगुबीत बेडूक,
'फ' म्हणजे खांबाच्या दोन्हीकडून सुटलेलं पोट,
आणि 'ओ'मध्ये उरलं इतकंसं भोक,
की मूग अडकावा.
नाव ठेवलं पोनिच्का:
तळलेला, वर साखर भुरभुरलेला गोळा,
जो शेजारचा अस्पारूह विकायचा
पहाटे सहापासून संपेपर्यंत.

पहिली पाटी त्याचीच. शटरभर. 'गरम आहेत.'
वाचायच्या आधीच वास यायचा.

मग ती अक्षरं गावभर सुटली.
दह्याच्या डब्यावर.
मुलांच्या दातांच्या दवाखान्यावर,
तिथं कुणीच फसलं नाही.
कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या दुकानावर.
तलावावर 'इथे पाणी खोल आहे'
आणि पोरं खुशाल उड्या मारायला लागली,
म्हणून ती पाटी उतरवली.
बँकेनं मागितली, कर्जाच्या जाहिरातीला.
झ्द्राव्का आधी नको म्हणाली,
मग भाडं थकलेलं, हो म्हणाली.
पण बारीक केली की ही अक्षरं डोळे मिटतात;
अटी काही त्यात छापता आल्या नाहीत.

मार्चमध्ये अस्पारूह गेला.

तिकडं माणूस गेला की कागद लागतो
दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर:
फोटो, नाव, वय, वर काळा क्रूस.
छापखान्यातला मेतोदी म्हणाला,
याची अक्षरं ठरलेली असतात,
सडपातळ, ताठ, नाकासमोर बघणारी.
गेनोवेवा म्हणाली,
"एकशे अठरा किलोचा माणूस माझा.
मावायचा नाही त्यात."

रात्री झ्द्राव्का बसली. नाव लागलं.
वय लागलं, एकसष्ट; सहाचं पोट एकला टेकलं.
'दुःखी अंतःकरणानं' लिहिलं
तर अक्षरं ढुशा देत उभी,
शाळेच्या फोटोतल्या मागच्या रांगेसारखी,
हसू दाबता येईना एकालाही.
आणि क्रूसची कळ दाबली
तर रिकामा चौकोन.
तो तिनं काढलाच नव्हता.
कशाला लागणार होता?

टोक नसलेला क्रूस काढायचा कसा?
पहिला दिसला औषधपट्टीसारखा.
दुसरा विमान.
पहाटे, खाली शटर उघडण्याच्या वेळी
(उघडलं नाही ते)
एक झाला तो
नुकतं उभं राहायला शिकलेलं पोर,
हात पसरून, उचल म्हणणारं.
तो ठेवला.

चाळीस दिवस कागद खांबांवर होता.
लोक थांबत, वाचत,
काहींना भूक लागे
आणि मग लाज.

पुढच्या आवृत्तीत क्रूस खुणांच्या रांगेत गेला,
टक्क्याच्या शेजारी.
उन्हाळ्यात बुर्गासहून कुणीसा फोटो पाठवला:
व्हिटॅमिनच्या डबीवर तोच,
अधिकचं चिन्ह म्हणून, नारिंगी रंगात.
झ्द्राव्कानं चूक कळवली नाही.
गेनोवेवाला नेऊन दाखवला.
तिनं चष्मा कपाळावर सारला,
डबी डोळ्यांजवळ धरली,
म्हणाली, "अजून जाड झालाय."